धुळे–जळगाव ट्रंक: कार्ड बसवण्यापासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत

धुळे ते जळगाव या टप्प्यावर २०० जीचं (सेकंदाला २०० गिगाबिट) ट्रंक कार्ड, म्हणजे दोन गावांमधल्या ऑप्टिकल फायबरवरून डेटा पाठवणारं कार्ड, बसवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा विभागातल्या बऱ्याच जणांना ते किरकोळ वाटलं. शेल्फमध्ये कार्ड सरकवा, फ्रिक्वेन्सी टाका, दोन्ही टोकांना पॅच कॉर्ड लावा, अलार्म गेले की निघा. तसं करूनही लिंक उठते. पण पुढची कित्येक वर्षं ती लिंक कशाच्या आधारावर सांभाळायची, हे पहिल्या काही दिवसांतच ठरतं. त्या दिवसांत जे आकडे लिहून ठेवले नाहीत, ते नंतर कुठूनही मिळत नाहीत. आपल्या भागातली बरीच मुलं-मुली या कामात नव्याने येतायत, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

या कार्डाला ट्रान्सपाँडर म्हणतात आणि त्याला दोन बाजू असतात. क्लायंट बाजूला राउटर जोडतात, तिथली तार शेजारच्या रॅकपर्यंत जाते. दुसरी बाजू ट्रंकची. तिथून निघालेला प्रकाश थेट पुढच्या गावात उतरतो. आमचा मार्ग महामार्ग ५३ च्या, म्हणजे जुन्या ६ च्या कडेने जातो. धुळे, पारोळा, एरंडोल, मग बांभोरीजवळचा गिरणेचा पूल आणि जळगाव. रस्त्याने पंच्याण्णवच्या आसपास किलोमीटर, पण केबलमधली काच १०४ किलोमीटर भरते. प्रत्येक जॉइंटजवळ केबलची गुंडाळी सोडलेली असते, कुठे वळसा असतो, आणि केबलच्या आत तंतू सरळ न जाता पिळाने जातात. काचेचं अंतर आणि रस्त्याचं अंतर वेगळं, ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

कार्ड यायच्या आधी तंतू तपासायचे होते. हे काम आमच्या जॉइंटर नानांचं. नाना मूळचे पारोळ्याकडचे, या मार्गावरचा जॉइंट अन् जॉइंट त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांनी ओटीडीआर (तंतूत प्रकाशाचे ठोके सोडून परत येणाऱ्या उजेडावरून कुठे काय आहे ते दाखवणारं यंत्र) दोन्ही टोकांकडून मारला, १३१०, १५५० आणि १६२५ नॅनोमीटर अशा तिन्ही तरंगलांबींवर. एकाच बाजूने ट्रेस घेऊन थांबणारे बरेच असतात. पण दोन वेगळ्या बनावटीचे तंतू जोडलेले असले, की एका बाजूने तो जॉइंट खराब दिसतो आणि दुसऱ्या बाजूने तिथे चक्क प्रकाश वाढल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली तरच जॉइंटचा खरा लॉस, म्हणजे तिथे वाया जाणारा प्रकाश, कळतो. नानांनी सगळे ट्रेस नाव-तारीख घालून मला दिले आणि म्हणाले, "ताई, हाई जपी ठेव." ते दिवस थंडीचे होते. पारोळ्याला त्यांच्या घरी कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन आम्ही पुढच्या टप्प्याला लागलो.

एकूण लॉस २६.५ डीबी निघाला. नुसत्या काचेचा हिशोब किलोमीटरला ०.२२ ने २३ च्या आसपास जातो, उरलेला जॉइंट आणि कनेक्टरांचा. इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९६६ साली चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहम यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात मांडलं होतं, की काचेतला लॉस किलोमीटरला २० डीबीपर्यंत खाली आणता आला तर तिच्यातून दळणवळण करता येईल. २० डीबी म्हणजे शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक राहणं. त्यांनी एका किलोमीटरनंतर जेवढा उजेड उरावा अशी अट घातली होती, जवळपास तेवढा आज आपल्याकडे शंभर किलोमीटर काचेनंतर उरतो. काव यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पारोळा-एरंडोलच्या कापसाच्या शेतांकडेने जाणारी ही काळी केबल बघताना मला ते नेहमी आठवतं.

लॉससोबत डिस्पर्शनही, म्हणजे लांब अंतरात प्रकाशाचे ठोके पसरत जाणंही, बघावं लागतं. साध्या जी.६५२ तंतूत १५५० च्या आसपास ते किलोमीटरला १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर असतं, म्हणजे आमच्या टप्प्यावर एकूण १७७० च्या जवळ. दहा जीची ऐंशी किलोमीटरची मॉड्यूल या अंतराला पुरत नाहीत, आणि जुन्या लिंकला डिस्पर्शन भरून काढणारी वेगळी पेटी लावावी लागायची. नवं कार्ड कोहेरंट आहे. ते डिस्पर्शनचा हिशोब स्वतःच्या चिपमध्ये करतं, आणि किती डिस्पर्शन सापडलं तो आकडाही दाखवतं. लिंक उठल्यावर मी पहिल्यांदा तोच बघितला. १७६० च्या आसपास होता. हातचं गणित, ओटीडीआरचं अंतर आणि कार्डाने स्वतः मोजलेली गोष्ट, तिन्ही जुळली की खात्री पटते की आपण समजतोय त्याच तंतूवर आहोत.

आता स्वच्छतेबद्दल. तंतूचा गाभा नऊ मायक्रॉनचा असतो. धुळे आपल्या नावाला जागतं, उन्हाळ्यात तर शेल्टरचं, म्हणजे यंत्रांच्या खोलीचं, दार उघडलं की आत बारीक मातीचा थर येतो. त्यातला एक कण कनेक्टरच्या मधोमध बसला तर एक-दोन डीबी सहज जातात, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला पॉवर जास्त असली तर तो कण जळून काचेला कायमचा डाग पडतो. म्हणून माझा नियम पक्का आहे: आधी स्कोपने (कनेक्टरचं तोंड मोठं करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) बघायचं, मग साफ करायचं, पुन्हा बघायचं, मगच जोडायचं. नव्या पाकिटातून काढलेली पॅच कॉर्डसुद्धा याला अपवाद नाही. तंतूत बघायचं ते फक्त स्कोपच्या पडद्यावर. १५५० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो.

कार्ड शेल्फमध्ये बसवलं, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावून. ते चालू झाल्यावर दोन्ही टोकांच्या कार्डांची सॉफ्टवेअर आवृत्ती एकच आहे ना ते पाहिलं. मग खरं कॉन्फिगरेशन. या ट्रंक मॉड्यूलला १०० जी आणि २०० जी असे दोन्ही मोड येतात. १०० जीला क्यूपीएसके मॉड्युलेशन (प्रकाशावर बिट बसवायची पद्धत), २०० जीला १६ क्वॅम. १६ क्वॅममध्ये एका चिन्हात दुप्पट बिट बसतात, पण चिन्हं एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे गोंगाट कमी लागतो, म्हणजे ओएसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर) चांगला लागतो. माझ्या हिशोबाने जळगावला ओएसएनआर २७ डीबीच्या आसपास मिळणार होता. १६ क्वॅमला तो पुरतो, वर राखीव जागाही राहते. म्हणून २०० जी घेतलं. एफईसीचा, म्हणजे चुकलेले बिट दुरुस्त करणाऱ्या कोडचा, प्रकार दोन्हीकडे एकच ठेवावा लागतो. तो वेगळा पडला तर प्रकाश पोचतो, आरएक्स (येणाऱ्या प्रकाशाची) पॉवर छान दिसते, आणि तरी फ्रेम, म्हणजे डेटाचा ठरलेला साचा, जुळत नाही. नवी माणसं अशा वेळी तासन्‌तास पॅच कॉर्ड बदलत बसतात.

फ्रिक्वेन्सी १९३.१ टेराहर्ट्झ दिली, म्हणजे १५५२.५२ नॅनोमीटर. आयटीयूच्या जाळीचा हाच मूळ बिंदू. ही निवडताना मक्सच्या (वेगवेगळ्या रंगांचे चॅनल एका तंतूत एकत्र करणाऱ्या पेटीच्या) पोर्टवर छापलेला चॅनल क्रमांक डोळ्यांनी वाचून ताडून घ्यावा. लेझर कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतो, पण मक्सचं ते दार ठरलेल्या एकाच रंगाला उघडतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते ट्रेल ट्रेस आयडेंटिफायरकडे, ज्याला आम्ही टीटीआय म्हणतो. ओटीएनच्या (ट्रंकवर डेटा नेण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) फ्रेममध्ये पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव घालायला पंधरा-पंधरा अक्षरांची जागा असते. बरेच जण ती रिकामी सोडतात, कारण रिकामी सोडली तरी लिंक चालते. मी दोन्ही टोकांना गाव, शेल्फ आणि स्लॉट असं नाव घातलं आणि समोरून कुठलं नाव यायला हवं तेही लिहिलं. जळगावला पॅच कॉर्ड लावल्याबरोबर प्रकाश आला, फ्रेम लॉक झाली, आणि एकच अलार्म उरला: ट्रेस जुळत नाही. आलेलं नाव भुसावळचं होतं! जळगावहून भुसावळच्या दिशेला त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरी लिंक तयार होत होती. दिशा वेगळी असली की तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरता येते. ओडीएफवर (बाहेरून आलेले तंतू जोडायच्या फळीवर) पूर्वीच कुणीतरी लावून ठेवलेल्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या. नाव घातलेलं नसतं तर दोन्ही लिंक हिरव्या दिसल्या असत्या आणि जळगावच्या ज्या राउटरला धुळ्याचा भेटायचा त्याला भुसावळचा राउटर भेटला असता. मग चूक शोधायला आयपीवाले आणि आम्ही, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत राहिलो असतो. पंधरा अक्षरं टाईप करायला किती वेळ लागतो?

अ‍ॅम्प्लिफायरवर आमच्यात थोडा वाद झाला. धुळ्याला बूस्टर आणि जळगावला प्री-अ‍ॅम्प असे दोन ईडीएफए, म्हणजे प्रकाश थेट वाढवणारी यंत्रं, आहेत. एका वरिष्ठ सहकाऱ्याचं मत होतं, की कॉन्स्टंट पॉवर मोड लावावा, आउटपुट स्थिर राहतं, विषय संपला. मी कॉन्स्टंट गेनवर अडून बसले. पॉवर मोडमध्ये अ‍ॅम्प्लिफायरला एकूण पॉवर तेवढीच ठेवायची असते. आत्ता एकच चॅनल आहे, तर सगळी पॉवर त्या एकट्याच्या अंगावर जाणार, आणि तंतूत जास्त पॉवर कोंबली की नॉनलिनियर परिणामांनी सिग्नल बिघडतो. उद्या दुसरं चॅनल आलं की पहिल्याची पॉवर अर्ध्यावर येणार. गेन मोडमध्ये प्रत्येक चॅनलला ठरलेली वाढ मिळते, शेजारी कोण आलं-गेलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शेवटी गेन मोडच ठेवला. चॅनलमागे १ डीबीएम (प्रकाशाच्या पॉवरचं एकक) तंतूत सोडायचा, २६.५ चा लॉस जाऊन प्री-अ‍ॅम्पच्या तोंडाशी उणे २५.५, तिथे २० ची वाढ, डीमक्सचे ५ वजा, म्हणजे ट्रंकच्या आरएक्सवर उणे १०.५. प्रत्यक्षात उणे १०.४ आले. हिशोब आणि मोजमाप इतकं जवळ आलं की जीव भांड्यात पडतो.

क्लायंट बाजूला टेस्टर लावून लिंक काही दिवस तपासावर ठेवली. एकही चूक नाही. टेस्टरने जाऊन-येऊन लागलेला वेळ एक मिलिसेकंदाहून किंचित जास्त दाखवला. काचेत प्रकाशाला किलोमीटरला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात, १०४ किलोमीटरचे जाऊन-येऊन १.०४ मिलिसेकंद, वरचा थोडा वेळ कार्डांचा. लांबीची ही आणखी एक पडताळणी फुकटात मिळते, ती सोडू नये.

मग मी एक पान तयार केलं. त्यावर दोन्ही दिशांचे सगळे आकडे: टीएक्स (सोडलेली पॉवर), आरएक्स, लेझर बायस (लेझरला दिलेला विद्युतप्रवाह), मॉड्यूलचं तापमान, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट-आउटपुट, पंपाचा बायस, डिस्पर्शन, ओएसएनआर, एफईसीआधीचा बीईआर (दुरुस्तीआधी चुकणाऱ्या बिटांचं प्रमाण), आणि सुपरव्हायझरी चॅनलची, म्हणजे लिंकच्या देखरेखीसाठीच्या वेगळ्या प्रकाशाची, पॉवर. हे आम्ही बेसलाइन म्हणून ठेवतो. एक प्रत एनएमएसमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत), एक छापून रॅकच्या दारात.

एफईसीआधीच्या बीईआरबद्दल जरा बोलायला हवं, कारण ट्रंक सांभाळायची ती मुख्यतः याच आकड्यावर. आमच्या लिंकवर सुरुवातीला दर दहा हजार बिटांमागे आठ बिट चुकीचे येत होते. नव्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, पण १६ क्वॅमला ते चांगलं आहे. एफईसी त्या सगळ्या चुका दुरुस्त करतं आणि राउटरपर्यंत शून्य चुका पोचतात. या कार्डाचं एफईसी शंभर बिटांमागे साधारण दोन चुकांपर्यंत निभावतं. त्यापुढे मात्र लिंक हळूहळू खराब होत नाही, एकदम कोसळते. विहिरीत पाणी खाली जात असलं तरी वर येणारी बादली भरलेलीच असते, तळ लागेपर्यंत. राउटरवाल्यांना नेहमी भरलेली बादली दिसते. पातळी बघायची ती आपण.

ही आकडेवारी कार्ड पंधरा मिनिटांच्या आणि चोवीस तासांच्या कप्प्यांत साठवतं. कार्डात थोडेच कप्पे मावतात, जुने पुसले जातात, म्हणून एनएमएस ते वेळेवर ओढून घेतंय ना, हे पहिल्याच दिवशी बघावं. आणि मर्यादा स्वतः ठरवाव्यात. आरएक्स कमी झाल्याचा कारखान्यातून आलेला अलार्म उणे १८ ला वाजणार होता. माझी बेसलाइन उणे १०.४. म्हणजे साडेसात डीबी जाईपर्यंत तो गप्पच बसणार! मी बेसलाइनच्या १ डीबी खाली इशारा लावला, आणि बीईआर दुप्पट झाला की दुसरा. नियंत्रण कक्षाला हे फार आवडलं नाही. जास्त इशारे म्हणजे जास्त फोन, त्यांची अडचण मला कळते. तरीही या एका लिंकसाठी त्यांनी ते मान्य केलं.

थंडी आणि फेब्रुवारी-मार्च शांत गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी अमळनेरला माहेरी होते, तेव्हा पहिला इशारा आला. दुपारी दोनच्या सुमारास जळगावचा आरएक्स उणे ११.५, संध्याकाळी पुन्हा उणे १०.४. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चोवीस तासांची सरासरी बघितली तर फरक जेमतेम ०.४ डीबी दिसत होता, कारण रात्रीचे चांगले तास दुपारला झाकून टाकत होते. पंधरा मिनिटांच्या कप्प्यातला किमान आकडा बघितला तेव्हा दुपारची घसरण स्पष्ट दिसली, आणि आठवड्यागणिक ती थोडी थोडी खोल होत होती. मेच्या मध्यावर उणे ११.६ पर्यंत गेली, बीईआर हजारामागे दोनवर आला. एफईसीला अजून भरपूर जागा होती. राउटरवर एक पॅकेट हललेलं नव्हतं.

पहिला संशय सगळ्यांना आला तो उन्हाचा. जळगावला पारा पंचेचाळिसाच्या पुढे, शेल्टरमधला एसी दमलेला, मॉड्यूलचं तापमान दुपारी आठ-दहा अंशांनी चढत होतं आणि आरएक्स त्याच वेळी पडत होता. दोन्ही आलेख समोरासमोर ठेवले तर कुणालाही वाटावं की एसी नीट केला की झालं. मला ते पटेना. त्याच शेल्फमधलं भुसावळच्या दिशेचं कार्ड तेवढंच तापत होतं आणि त्याचा आरएक्स सरळ रेषेत होता. शिवाय प्री-अ‍ॅम्पच्या इनपुटलाही नेमकी तेवढीच, १.२ डीबीची घट दिसत होती. म्हणजे प्रकाश शेल्टरमध्ये शिरण्याआधीच कमी झालेला. धुळ्याच्या बूस्टरचं आउटपुट आणि पंपाचा बायस स्थिर. उलट दिशेनेही धुळ्याला ०.८ ची घट त्याच तासांत. दोन्ही दिशांचे तंतू एकाच नळीतले आहेत. दोघांना एकाच वेळी त्रास, तर जागाही एकच असणार.

पुढचा धागा सुपरव्हायझरी चॅनलने दिला. तो १५१० नॅनोमीटरवर चालतो, आणि त्याची घट जेमतेम ०.७ होती. तुटका-खराब जॉइंट किंवा मळका कनेक्टर सगळ्या तरंगलांबींना जवळपास सारखाच खातो. तंतू वाकलेला असेल तर मात्र लांब तरंगांचा प्रकाश आधी बाहेर सांडतो. १५१० ला कमी, १५५२ ला जास्त, म्हणजे कुठेतरी केबल वाकली होती आणि उन्हात ती जास्त वाकत होती.

त्याच नळीतल्या रिकाम्या तंतूवर आम्ही धुळ्याहून ओटीडीआर मारला, भर दुपारी. आदल्या रात्री मारलेला ट्रेस अगदी साफ होता. दुपारच्या ट्रेसवर १३१० ला काही नाही, १५५० ला ४३.२ किलोमीटरवर छोटी पायरी, आणि १६२५ ला तीच पायरी दुपटीहून मोठी. नानांनी थंडीतले ट्रेस काढले. त्यात ४२.६ वर एक जॉइंट होता आणि तो कुठल्या चेंबरमध्ये आहे हे नानांना डोळे मिटून ठाऊक होतं. ४३ किलोमीटर धुळ्यापासून मोजत बसण्यापेक्षा ओळखीच्या जॉइंटपासून सहाशे मीटर मोजणं केव्हाही खात्रीचं. गुंडाळीची लांबी वजा करून आम्ही पारोळ्याच्या पुढे एका नाल्यावरच्या पुलाशी पोचलो.

तिथे रस्त्याच्या कामाचा भराव नव्याने टाकलेला होता. केबलचा एचडीपीई डक्ट, म्हणजे बाहेरचा प्लास्टिकचा पाइप, पुलाच्या कठड्याला लावलेल्या लोखंडी पाइपातून जातो. भरावाने डक्ट बाजूला रेटला गेला होता आणि पाइपाच्या तोंडाशी केबल काटकोनात यायला लागली होती. एचडीपीई उन्हात बराच वाढतो. दुपारी वाढलेल्या डक्टला सरकायला जागा नाही, मग तो केबलला त्या तोंडाशी आणखी दाबायचा. रात्री आकसला की केबल मोकळी. नानांनी उकिडवं बसून बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "ताई, काच तुटेल नही शे, दबेल शे." म्हणजे तुटलेली नाही, दबलेली आहे.

आता खरी अडचण. असं काम रात्रीच्या ठरलेल्या वेळेत करायचा नियम. पण रात्री दोष दिसतच नाही! रात्री केबल सरळ केली तर ती खरंच नीट झाली की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या उन्हाशिवाय कळणार नव्हतं, आणि तोपर्यंत खड्डा बुजवलेला. मी भर दुपारची परवानगी मागितली. नियंत्रण कक्षाचा नकार आला, तोही समजण्यासारखा. या लिंकवर बँका आहेत, दवाखाने आहेत, चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या टॉवरांची वाहतूक आहे. मग मी वाहतुकीचे आलेख जोडले: या लिंकवर दुपारी दोन ते चार या वेळेत वाहतूक रात्री नऊच्या मानाने निम्मीच असते. चाळीसगाव-पाचोऱ्यावरून जाणारी रिंगची दुसरी बाजू तपासून तिचे आकडेही दिले. वाहतूक आधी हाताने तिकडे वळवायची आणि मगच केबलला हात लावायचा, असा कार्यक्रम लिहून दिला. परवानगी मिळाली.

त्या दुपारी जळगावच्या सहकाऱ्याने कार्डाचा आरएक्स उघडून फोन चालू ठेवला होता. आम्ही पुलाजवळ. नानांनी भराव हाताने उकरला, यंत्र जवळ येऊ दिलं नाही. डक्ट मोकळा होत गेला तसा फोनवर आकडा येत गेला: उणे ११.६, ११.३, १०.९. एका जागी केबल थोडी उलट वळली तर लगेच ११.४. "आखो एकदाव देख," नाना फोनकडे बघून ओरडले आणि त्यांनी हात किंचित मागे घेतला. १०.८. मग १०.५. तिथेच केबल धरून ठेवायला सांगितलं. डक्टच्या त्या भागावर दोन फाकांचा मोठा पाइप चढवला, आत केबलला सरकायला जागा ठेवली, खाली बारीक वाळू, आणि वळण व्यासाच्या वीसपटीहून बरंच मोठं ठेवलं. एवढ्या उन्हात ट्रंक कार्डासारखं दुसरं मीटर आम्हाला मिळालं नसतं. शंभर किलोमीटरच्या टप्प्यातल्या एका वळणाची नोंद ते एक दशांश डीबीने करत होतं. कुठेही नवा जॉइंट मारावा लागला नाही.

रस्त्याच्या कामावरच्या सुपरवायझरला जागा दाखवली, त्यांनी दगडी खूण रोवायला माणूस दिला आणि तिथे पुढचा भराव आम्हाला कळवून टाकायचं कबूल केलं. वाहतूक त्याच रात्री परत आणली.

मेच्या उरलेल्या दिवसांत दुपारची घट ०.१ च्या वर गेली नाही, बीईआर दहा हजारामागे आठ-नऊवर. आरएक्स मात्र उणे १०.५ वरच राहिला, मूळच्या १०.४ वर आला नाही. तो ०.१ त्या वळणाचा की कनेक्टरचा, हे वेगळं काढता आलं नाही, म्हणून बेसलाइनच्या पानावर नवा आकडा तारखेसह लिहिला आणि जुना खोडला नाही. इशाऱ्याची मर्यादा मूळ आकड्यावरूनच मोजायची ठेवली, नाहीतर दर दुरुस्तीनंतर ती गुपचूप खाली सरकत जाते.

पावसाळ्यात याच तंतूवर दुसरं २०० जीचं चॅनल उठवलं. ते चालू करताना पहिल्याच्या आरएक्सवर नजर होती. तो जागचा हलला नाही, गेन मोडने आपलं काम केलं. दुसऱ्या चॅनललाही टीटीआय घातला, पंधरा मिनिटांचे कप्पे एनएमएसला जोडले आणि पान दारात लावलं. पुलाजवळच्या त्या जागेचा काचेतला आकडा, ४३.२, दोन्ही पानांवर आहे. येत्या उन्हाळ्यात कुणाला दुपारचा इशारा आला तर त्याने आधी तिकडे बघावं.